आधी डेमो की आधी मेंदी?

आमच्या पुतण्याने तीन मित्रांना घेऊन एक बँड काढला, तेव्हा घरात जो आनंद झाला त्यात आम्हीही सामील होतो. गिटार, ड्रम, कीबोर्ड आणि गाणारी एक मुलगी, अशी ही चौघांची मंडळी. गाणी हिब्रूतली, परंतु दोन-तीन चाली आपल्या मेंदीच्या गाण्यांवरून घेतलेल्या. मुले अश्दोदला जन्मलेली. मराठी त्यांस कळते, बोलताना मात्र अडखळतात. चाली तेवढ्या त्यांच्या गळ्यात शाबूत राहिल्या, याचे आम्हांस फार कौतुक वाटे.

पहिल्याच महिन्यात वाद उपस्थित झाला. एका नातलगाकडे मेंदी होती व त्यांनी मुलांना वाजविण्यास बोलाविले. ड्रम वाजविणारा म्हणाला, जाऊ या. पुतण्या म्हणाला, "आधी स्टुडिओत डेमो करू. लोकांपुढे एकदा वाईट वाजलं की नाव गेलं." शब्बाथच्या दुपारी आमच्या टेबलाभोवती दोन्ही पक्ष बसले आणि निवाडा आमच्याकडे आला. "काका, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हीच सांगा."

पुतण्याने एल्विस प्रेस्लीचा दाखला आणला होता. 1953 साली मेम्फिस शहरातील एका ध्वनिमुद्रणगृहात सुमारे चार डॉलर भरून त्याने दोन गाणी मुद्रित करून घेतली, तेव्हा त्यास कोणी ओळखत नव्हते. पुढच्याच वर्षी त्याच ठिकाणाहून त्यास बोलावणे आले. दाखला खरा आहे. आम्ही डेमोच्या बाजूने कौल दिला.

खरे सांगावयाचे तर कौल देताना आमच्या मनात एल्विस नव्हता. मनात होते ते पाठाचे टाचण. 1990 च्या सुमारास मुंबईस आम्ही अध्यापनाचे शिक्षण घेतले, तेव्हा टाचण तपासून त्यावर सही झाल्याखेरीज वर्गात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. त्याआधी सूक्ष्म अध्यापन. आपलेच सहाध्यायी विद्यार्थी होऊन बाकांवर बसत, पाच-सहा मिनिटे शिकवावयाचे, मग चुका ऐकून तोच भाग पुन्हा शिकवावयाचा. या तालमीत आम्हांस उत्तम शेरा मिळाला होता. पुढे खऱ्या शाळेतील सराव पाठाच्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला एका मुलाने टाचणात नसलेला प्रश्न विचारला आणि त्यानंतरची अर्धी तासिका आम्ही फळ्याकडे तोंड करून काढली. ही दुसरी हकीकत त्या दुपारी आम्हांस आठवू नये, याचे आज आश्चर्य वाटते. उत्तम शेराच तेवढा लक्षात राहिला होता!

मेंदीचे आमंत्रण नाकारले गेले. डेमोला सात महिने लागले. चौघांनी सुटीत कामे करून साठविलेले पैसे त्यात गेले, थोडे आम्हीही घातले. स्टुडिओत प्रत्येकाने आपापला भाग निरनिराळा वाजविला. कानात मेट्रोनोमची टकटक. मुलगी एकेक कडवे गाई, पाणी पिई, विसावा घेई, मग पुढचे कडवे. बेसूर झालेली जागा यंत्राने सुरात आणली. तयार झालेली चार गाणी ऐकून आम्ही थक्क झालो. काचेसारखी स्वच्छ होती.

या सात महिन्यांचा हिशेब आमच्या ध्यानी आला नव्हता. मुले अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती, आणि ड्रम वाजविणाऱ्याच्या हाती लष्करी सेवेचा कागद पडलेला होता. त्याच्यापाशी मोजून दहा महिने होते. त्यांतले सात आम्ही स्टुडिओला देऊन टाकले.

शेवटी आठव्या महिन्यात दुसऱ्या एका मेंदीला ती मंडळी प्रथम लोकांपुढे उभी राहिली. काय सांगावे! स्टुडिओत प्रत्येकास इतरांचे वाजविणे कानात मिळे. येथे ड्रमच्या आवाजात गाणारीचा स्वर कोणालाच ऐकू येईना. घाबरून सगळे भरधाव सुटले. पट्टी इतकी उंच धरली होती की तिसऱ्या गाण्यात मुलीचा आवाज फाटला. एकेक कडवे विसावा घेऊन गाताना ती पट्टी कधी टोचलीच नव्हती. पाहुणे एकमेकांशी बोलू लागले. आम्ही ताटाकडे पाहत बसलो.

तेव्हा दिमोनाहून आलेली आत्या खुर्ची ओढून पुढे गेली आणि म्हणाली, "अरे, पळता कुठे? नवरी अजून बसलीय ना!" तिने टाळी धरली, संथ, निम्म्या लयीत, आणि तेच गाणे मूळच्या मराठी शब्दांत खालच्या पट्टीत सुरू केले. आधी ड्रम तिच्या टाळीमागे गेला, मग गिटार. बायका उठल्या. ते गाणे त्या रात्री तीनदा झाले. मुलांनी सात महिने जे मुद्रित केले होते ते त्या गाण्याचे भलतेच रूप होते, हे कोणी बोलून दाखविण्याची गरज उरली नाही.

तेल अवीवमधील केरेम हातेमानीम वस्तीच्या गाण्यांची हकीकत आम्हांस पूर्वीपासून ठाऊक होती. अर्थ त्या रात्री लागला. योम किप्पुर युद्धानंतर, 1974 च्या सुमारास, आशेर रेऊवेनी यांच्या लग्नानिमित्त झालेल्या समारंभात दक्लोन आणि बेन मोश हे गायक गायिले. कोणीतरी ते टेपवर उतरवून घेतले. पाहुण्यांनी प्रती मागितल्या, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. आणि रेऊवेनी बंधू कॅसेट काढू लागले. रेडिओवर ज्या गाण्यांस क्वचितच जागा मिळे, ती तेल अवीवच्या जुन्या बसस्थानकाजवळील गाड्यांवरून घरोघर पोहोचली. त्या टेपवर उतरले ते वर्षानुवर्षे लोकांपुढे गाऊन घोटलेले होते.

मुद्रण करूच नये असे आम्ही म्हणत नाही. जे सभागृहवाले आपल्याला ओळखत नाहीत त्यांस काही तरी ऐकवावे लागतेच. आणि सरावाच्या खोलीत फोनवर उतरवून स्वतः ऐकणे हा तर उत्तम गुरू, तो फुकटही आहे. परंतु पदरचे पैसे व मुख्यतः वेळ घालून पक्का डेमो करावयाचा तर निदान पाच-सहा मेंद्या, वाढदिवस, पुरीमचे कार्यक्रम वाजवून झाल्यावर. आमचा त्या दुपारचा कौल चुकला. हे आम्ही पुतण्याला सांगितले, आणि ड्रम वाजविणाऱ्या मुलालाही, तो भरती होण्याच्या आदल्या संध्याकाळी. तो हसला व म्हणाला, "काका, दोनदा तरी वाजवलं ना."

त्या मेंदीचे फोनवरील मुद्रण पुतण्याकडे आहे. त्यात ताटल्या वाजतात, एक मूल रडते, आत्याचा आवाज सर्वांच्या वर आहे. एका सभागृहवाल्यास त्याने तेच पाठविले. ड्रमवाल्यास हनुक्काच्या आठवड्यात दोन दिवसांची रजा मिळण्याचा संभव आहे. मिळाली तर वाजवावयाचे ठरले आहे. आत्याला दिमोनाहून आणण्याचे काम आमच्याकडे दिले आहे.