काडेपेटी

ढेकणाला भारतीय भाषांत काय काय म्हणतात याची यादी मी 2023 च्या मार्च महिन्यात विभागातल्या चहाच्या वेळी जमा केली, ती काही भाषाशास्त्राच्या ओढीने नव्हे. माझ्याकडे दिल्लीला राहायला आलेल्या आईच्या हातांवर, मानेवर आणि लुगड्याच्या निऱ्या खोचतात तिथे कमरेवर रोज नव्या तांबड्या गांधी उठत होत्या, आणि त्यांचा कर्ता कोण हे आम्हा दोघींना कळत नव्हते. बंगाली सहकाऱ्याने 'छारपोका' म्हटले, तेलुगूच्या बाईंनी 'नल्ली', कन्नड गृहस्थांनी 'तिगणे'. हिंदीच्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी 'खटमल' हा शब्द उच्चारून लगेच आपल्या विद्यार्थिदशेतल्या वसतिगृहाच्या खाटेचे वर्णन सुरू केले. प्रत्येकाने आपापल्या बालपणातला आरोपी पुढे केला. संस्कृतातला 'मत्कुण' मी मनातल्या मनात जोडला. भारतीय साहित्याची एकात्मता निदान या एका विषयात तरी निर्विवाद सिद्ध झाली. चावा मात्र थांबला नाही.

मी त्या विद्यापीठात दोन वर्षांसाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले होते. राहायला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला जुना कूलर. कूलर आणि चौकट यांच्यामधली फट कोणा पूर्वीच्या रहिवाशाने पुठ्ठे कोंबून बुजवली होती. आई फेब्रुवारीत आली. कऱ्हाडजवळच्या कृष्णाकाठच्या गावात तिची चौऱ्याहत्तर वर्षे गेली. हिंदी तिला येत नाही. मी सकाळी विभागात जाई ती संध्याकाळी परते. ती आल्यानंतर आठ दिवसांत, जिन्याने चढून, एक करड्या पट्ट्यांची मांजर घरात आली आणि राहिली. आईने तिचे नाव मनी ठेवले. आमच्या घरातल्या सगळ्या मांजरी मनीच असतात. ते नाव वारसाहक्काने पुढे जाते. दुपारी खिडकीशी खुर्ची ओढून आई बसे, मांडीवर मनी. गावाकडच्या बांधाची भांडणे, भाचीच्या लग्नाला कोण आले आणि कोण आले नाही, हे सारे ती मांजरीला सांगत असे. संध्याकाळी दाराशी आल्यावर मला तो आवाज ऐकू येई आणि क्षणभर वाटे, गावचे कोणी आले आहे. दिवसभरात तिचे मराठी ऐकून घेणारा तेवढा एकच जीव त्या इमारतीत होता, हे मला त्या वेळी दिसत होते; त्याचे मोल कळत नव्हते.

चावे मार्चच्या मध्यावर सुरू झाले. पहिला संशय अर्थात ढेकणांवर. गाद्या गच्चीत नेऊन उन्हात टाकल्या, शिवणी उसवल्यासारख्या ताणून पाहिल्या, खाटेच्या सांध्यांतून सुई फिरवली. ढेकूण जिथे राहतात तिथे काळे ठिपके मागे ठेवतात. तसा एकही ठिपका कुठे नव्हता. आईचे म्हणणे वेगळे होते. ते तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते.

"कोंबडी अंड्यांवर बसली की असंच व्हायचं बघ. डालग्यात हात घातला की बारीक काय-काय हातावर चढायचं. धड दिसायचं न्हाई, पर चावायचं."

"आई, इथं तिसऱ्या मजल्यावर कोंबडी कुठली?"

"कोंबडी हाय असं कुठं म्हणते मी? तसं चावतंय म्हणते."

मी ते ऐकले आणि सोडून दिले. तुलनेचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने उपमेकडे इतके दुर्लक्ष करावे, याचे आज मला नवल वाटते.

कामाला येणाऱ्या बाईने दुसरा आरोपी सुचवला: पिस्सू, म्हणजे आपली पिसू, आणि पिसू म्हणजे मांजर. हे मला एकदम पटले. मनी अलीकडे अंग खाजवत होती, हा तर पुरावाच झाला. पिसवा माणसाला बहुधा गुडघ्याखाली, घोट्यांशी चावतात, कारण त्या जमिनीवरून उडी मारतात. आणि आईचे पाय स्वच्छ होते. हे मी वाचलेही होते. शिवाय मांजरीच्या केसांतून फणी फिरवून निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाकली आणि ती तांबडी पसरली, तर ती पिसवांची विष्ठा, पचलेले रक्त, असे समजते. ही दोन मिनिटांची चाचणी मला कळली तेव्हा मांजर घरात नव्हती.

योगायोग असा की त्याच सत्रात मी पंचतंत्राच्या प्रवासावर व्याख्याने देत होते. त्यात राजाच्या शय्येवरच्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेची गोष्ट आहे. चादरीच्या घडीत ती पुष्कळ काळ सुखाने राहत असते. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण येतो, राजाचे रक्त एकदा चाखू दे म्हणून गळ घालतो, आणि राजा झोपण्याआधीच त्याला कडकडून चावतो. राजा उठतो, सेवक दिवे घेऊन शय्या शोधतात. ढेकूण चपळ, तो खाटेच्या फटीत शिरतो. ऊ हळू, ती सापडते आणि मारली जाते. या कथेने आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाच्या 'कलीला व दिम्ना'त प्रवेश केला तेव्हा ढेकणाच्या जागी पिसू आली. हा बदल मी फळ्यावर दोन रकाने करून दाखवीत असे: मूळ रूप, रूपांतर, स्थानिक परिस्थिती, अनुवादकाची निवड. कथेचे तात्पर्य म्हणून पंचतंत्र सांगते की ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याला आसरा देऊ नये. म्हणजे दोष शेवटी उवेचाच. शय्या शोधणाऱ्या सेवकांविषयी तिथे एक अक्षरही नाही, आणि मीही वर्गात त्यांच्याविषयी कधी बोलले नव्हते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मी पुस्तकांच्या खोक्याला भोके पाडली, मनीला त्यात घातले आणि पहारेकऱ्याच्या मदतीने आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वसतिगृहाच्या मेसमागे सोडून आले. तिथे तिला खायला मिळेल, असा विचार मी केला होता. तो खोटा नव्हता, पण सोयीचा होता. परत आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. "तिनं काय केलं?" एवढेच ती म्हणाली. मी पिसवांचे जीवनचक्र समजावून सांगितले. तिने मधे एकदाही बोलणे तोडले नाही.

मांजर गेल्यावर चावे वाढले. मग दवाखाना झाला. डॉक्टरांनी बोटांच्या बेचक्या तपासून खरूज नाही असे सांगितले, खाज कमी व्हावी म्हणून गोळ्या दिल्या, आणि मला बाजूला घेऊन विचारले की आई दिवसभर एकटी असते का, तिला इथली भाषा येते का, ती उदास दिसते का. त्यांनी प्रश्नच विचारले होते. उत्तर मी स्वतः ग्रंथालयात जाऊन शोधले. अंगावर किडे चालतात, चावतात, अशी ठाम समजूत होण्याचा एक मनोविकार आहे. कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या स्वीडिश मज्जाविकारतज्ज्ञाने 1938 साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला त्याचे नाव मिळाले. एकाकीपण, उतारवय, स्त्री: सारे जुळत होते. मी आमच्या परंपरेतही त्याला आधार शोधला. एकनाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा. आमच्याकडे दंश हा कशाचा तरी अर्थ असतो, नुसता दंश क्वचितच. साहित्याच्या माणसाला वस्तूपेक्षा अर्थ लवकर सापडतो, आणि सापडला की तो फार आवडतो. आईच्या हातावरच्या गांधी मला गाव सुटल्याचे दुःख वाटू लागल्या. त्यावर एक बरा लेखही झाला असता.

त्याच वाचनात मला 'काडेपेटीची खूण' भेटली. असे रुग्ण डॉक्टरांकडे जाताना पुरावा म्हणून काडेपेटीत कातडीचे पापुद्रे, धागे, कचरा घालून आणतात, आणि अनुभवी डॉक्टर ती पेटी पाहताच निदान ओळखतात.

दोन दिवसांनी मी संध्याकाळी घरी आले तेव्हा आईने माझ्या हातात काडेपेटी ठेवली.

"खिडकीच्या फळीवरनं चिकटवून घेतलंय, ओल्या बोटानं. तुझ्याकडं ती भिंगं असतात न्हवं कालिजात? बघ जरा कुणाकडनं."

तिचा चेहरा आनंदी होता. माझ्या पोटात खड्डा पडला. मी पेटी उघडली नाही. बघते म्हणाले, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. पुढच्या दोन दिवसांत तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी म्हटले की संबंधित माणूस रजेवर आहे. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. माझी आई मूर्ख नाही. मी तिला खोटे सांगितले यापेक्षा, मी ते का सांगितले हे तिला कळले असावे, याचे मला आजही अधिक वाईट वाटते.

एप्रिलच्या मध्यावर उन्हाळा तापला, तेव्हा कूलर साफ करून त्यातले गवत बदलायला एक तरुण कामगार आला. त्याने बाहेरून कूलर थोडा ओढला आणि शिवी हासडून हात झटकायला लागला. पुठ्ठ्यांच्या मागे पारव्यांचे घरटे होते: काड्या, तारेचे तुकडे, वाळलेल्या विष्ठेचा थर. पिल्ले उडून गेली होती. घरटे रिकामे होते, आणि रिकामे नव्हतेही. काड्यांवरून राखेसारखे काहीतरी सरकत होते, फटीतून आत येत होते आणि खिडकीच्या फळीवर, आईच्या खुर्चीच्या हातांवर पसरत होते.

मी खणातली काडेपेटी घेतली आणि प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडे गेले. सूक्ष्मदर्शकाखाली आठ पाय दिसले. तो कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला पक्ष्यांवरचा परजीवी माइट. लांबी एक मिलिमीटरहून कमी. रक्त प्यायलेला असेल तर तांबूस काळा, एरवी धुळीच्या कणासारखा. पारवा बहुधा दोन अंडी घालतो, अडीच आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात, आणखी महिन्याभराने उडून जातात. तोवर या प्राण्यांची घरट्यात चंगळ असते. यजमान उडून गेले की ते भुकेने घरात शिरतात आणि मिळेल त्याला चावतात. माणसाच्या रक्तावर त्यांचा वंश चालत नाही, काही आठवड्यांत ते मरून जातात. पण तोवर चावतात. मांजरीलाही चावतात. मनी खाजवत होती ती त्याच खिडकीशी त्याच मांडीवर बसत होती म्हणून. आणि मला ते चावले नाहीत, कारण दुपारी मी त्या खुर्चीवर कधी बसलेच नव्हते.

घरटे पिशवीत बांधून खाली नेले, फट सिमेंटने बुजवली, फळी आणि भिंत साबणाच्या पाण्याने पुसली, कपडे कढत पाण्यातून काढले. दहा दिवसांत आईचे हात स्वच्छ झाले.

त्या संध्याकाळी मी तिला सगळे सांगितले. सूक्ष्मदर्शकाविषयी सांगितले, आठ पायांविषयी सांगितले, ती पेटी आजवर खणात होती हेही सांगितले. पारव्यांचे घरटे म्हटल्यावर ती हसली. "मग कोंबडीच झाली की ती," म्हणाली. थोड्या वेळाने, भाकरी थापता थापता, पाठमोरीच म्हणाली, "मनीला आण जा आता."

मी गेले. मेसमागे त्या दिवशी सहा-सात मांजरी होत्या. ती त्यांत नव्हती. दुसऱ्या दिवशी गेले, पुढच्या आठवड्यात गेले, आचाऱ्यांना विचारले. मेसमधल्या पोरांनी आवारातली प्रत्येक करडी मांजर मला आणून दाखवली.

आई जूनमध्ये गावी परतली. पुन्हा दिल्लीला येईन म्हणाली, पण आली नाही. फोनवर ती आधी मांजरीची चौकशी करते, मग माझी. नोव्हेंबरात एकदा मनी मला दिसली, मेसच्या भिंतीवर, पोट सुटलेली, उन्हात बसलेली. मी नावाने हाक मारली. तिने मान वळवून माझ्याकडे पुरेसा वेळ पाहिले, मग उठली, अंग ताणले आणि पलीकडच्या बाजूला उतरून गेली. मी फोनवर आईला ती दिसल्याचे सांगितले, चांगली जाडजूड झाली आहे म्हटले. "हाक मारलीस का?" तिने विचारले. मी म्हटले, लांब होती गं.