तीन सह्या आणि पेन्सिलीची एक ओळ

'सही' हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. मूळ 'सहीह', म्हणजे बिनचूक, खरे. त्यामुळे 'सही खरी आहे का?' हा प्रश्न व्युत्पत्तीच्या अंगाने पाहता जरा गमतीचाच ठरतो. जुन्या मराठी कागदपत्रांत तर थोरांच्या हातच्या सहीवर फारसे काही अवलंबून नसे. मजकूर कारकुनाचा, वर शिक्का, शेवटी मोर्तब. धन्याने स्वतः चार अक्षरे लिहिली तर त्याचे अप्रूप, आणि त्यासाठी 'दस्तुरखुद्द' असा खास शब्द. क्रिकेटपटूच्या सहीमागे धावणाऱ्या माणसाला हवे असते ते हे दस्तुरखुद्दपणच. ज्या हाताने बॅट धरली तोच हात या कागदावरून फिरला, एवढी खात्री त्याला पुरते.

मध्यंतरी आमच्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्यांनी त्यांच्या वडिलांची स्वाक्षरीवही माझ्यापुढे ठेवली. "सर, तुम्ही पोथ्यांचा काळ ठरवता, आता हिचाही ठरवा." वडील गिरगावात राहणारे, कचेरीत कारकून, क्रिकेटचे भक्त. धाकट्या भावाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे उभे करायचे होते, म्हणून वही विकावी असे त्याचे म्हणणे. थोरल्याचा जीव होत नव्हता. त्यातच एका व्यापाऱ्याने वहीतल्या सर्वांत मोलाच्या पानाविषयी शंका काढली होती.

त्या पानावर वरच्या बाजूला वडिलांच्या हातची पेन्सिलीची नोंद आहे: वेस्ट इंडीज, ब्रेबोर्न, डिसेंबर १९४८. खाली एव्हर्टन वीक्स, क्लाईड वॉलकॉट आणि फ्रँक वॉरेल यांच्या सह्या. जाणकार इथेच थबकेल. डिसेंबर १९४८ मध्ये ब्रेबोर्नवर कसोटी झाली, वीक्सने तीत १९४ धावा काढल्या, वॉलकॉटही संघात होता. पण वॉरेल त्या दौऱ्यावर आलाच नव्हता. मानधनावरून त्याचे मंडळाशी जमले नव्हते. मग त्याची सही इथे कशी? व्यापाऱ्याचा निष्कर्ष सरळ होता: एक खोटी, म्हणजे तिन्ही संशयास्पद.

पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. पोथीत एक ओवी मागाहून घुसली म्हणून सारी पोथी बनावट ठरत नाही. घुसली केव्हा आणि कोणाच्या हातून, हे आधी पाहायचे असते. मी भिंग घेतले आणि पानावर तिरपा उजेड टाकला. वीक्स आणि वॉलकॉट यांची शाई एकच, फिकट निळी; वहीच्या पहिल्या पानावर वडिलांनी स्वतःचे नाव जिने लिहिले आहे तीच. म्हणजे पेन त्यांचेच, त्यांनी ते पुढे केले असणार. दोन्ही सह्यांचा पुसट उलटा ठसा समोरच्या पानावर उमटला आहे. शाई वाळण्याआधीच वही मिटली की असा ठसा उठतो. गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला टीपकागद कुठला मिळायला! रेघांत वेग आहे, वळणावर शाई साठली आहे, अक्षरांची टोके निमुळती सुटली आहेत. नक्कल करणारा सही काढतो, चित्र काढावे तशी. त्याची रेघ सावकाश चालते, मध्येच थांबते, टोकाशी बोथट होते.

वॉरेलची सही तितकीच वेगवान आहे, पण शाई निळी-काळी आणि समोर ठसा नाही. तिच्याखाली पेन्सिलीचे काही पुसट दिसत होते. व्यापाऱ्याने त्याला 'डाग' म्हटले होते. भिंगाखाली तो डाग वाचता आला: 'वॉरेल आला नाही.' आणि सहीची शाई त्या अक्षरांवरून गेलेली आहे.

वॉरेल १९४९-५० च्या हंगामात कॉमनवेल्थ संघातून भारतात आला, कानपूरला त्याने नाबाद २२३ धावाही काढल्या. गिरगावच्या त्या कारकुनाने वर्षभर जागा राखून ठेवली आणि ती भरून घेतली, असे मला वाटते. पाठचिकित्सेत अवघड पाठ बहुधा जुना मानतात, कारण नकलकार अवघड जागा सोपी करतो. बनावट करणाराही तेच करील. स्वतःविरुद्ध साक्ष देणारी ओळ तो पानावर कशाला ठेवील?

खरेपणाचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. किमतीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथले तर्कशास्त्र मला रुचत नसले तरी समजते. बाजार थोरवीला मोजतो तितकाच तुटवड्यालाही मोजतो. ब्रॅडमन यांनी ॲडलेडच्या घरी बसून अनेक दशके चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे दिली, सह्या पाठवल्या. या औदार्यानेच त्यांच्या साध्या सहीचा भाव त्यांच्या कीर्तीच्या मानाने खाली राहिला. उलट त्यांचा समकालीन आर्ची जॅक्सन १९३३ मध्ये तेविसाव्या वर्षी गेला, आपला अमरसिंग १९४० मध्ये एकोणतिसाव्या. त्यांना सह्या करायला वेळच मिळाला नाही. वीक्स २०२० पर्यंत जगले, वॉलकॉट २००६ पर्यंत. वॉरेल १९६७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी गेले. तेव्हा या पानावरची सर्वांत महाग सही तीच, जिच्यावर शंका आहे.

(जाता जाता: पुण्यात ज्यांना चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला जाई, त्या पालवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्यापुढे वही धरणारे हात इथे किती असतील? तुटवडा दर वेळी मृत्यूमुळेच होतो असे नाही.)

व्यापाऱ्याने नंतर तडजोड सुचवली. पान वहीतून सुटे करा, पेन्सिलीची अक्षरे खोडरबराने हलक्या हाताने काढा, मी प्रमाणपत्र मिळवून देतो. प्रमाणपत्रांचे महत्त्व किती, हे अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' या मोहिमेत पाहिले. तिथे बनावट सह्यांबरोबर त्या अस्सल असल्याची प्रमाणपत्रेही तयार होत होती, आणि जप्त मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल निघाला. पण मला खटकले ते दुसरेच. वही सुटली की समोरच्या पानावरचा ठसा गेला, पहिल्या पानाच्या शाईशी असलेला मेळ गेला. खोडरबर फिरला की वॉरेलच्या सहीचा एकमेव साक्षीदार गेला. सही खरी असल्याचे जेवढे पुरावे आहेत, तेवढे सगळे त्या अनाम चाहत्याचे आहेत, आणि बाजाराच्या लेखी तो मळ.

हे सारे मी दोन पाने भरून लिहून दिले. धाकट्याने ते नीट वाचले आणि विचारले, "सर, मग अख्खी वही घेणारा कोणी मिळेल का?" प्रश्न रास्त आहे, मुलीच्या प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही. ओळखीच्या दोन संग्राहकांना मी पत्रे लिहिली आहेत. त्यांचे उत्तर येईपर्यंत पान फाडायचे नाही, असे दोघा भावांनी कबूल केले आहे.