बदललेल्या परतूरकडे पाहताना

अनेक वर्षांनी परतूरला येणाऱ्या माणसाला गाव वाढलेले दिसते, पण ते ज्या नकाशात त्याने मनात जपलेले असते तो नकाशाच मुळात बदललेला आहे, कारण 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यात होता आणि कचेरीची कामे, कोर्टाच्या तारखा, ओघाने नातीगोतीही पूर्वेकडे वळलेली होती. निजामाच्या राजवटीत मनमाड-हैदराबाद मार्गावर आलेली रेल्वे मीटरगेज होती, म्हणजे तिच्या दोन रुळांत केवळ एक मीटरचे अंतर असे. 1990च्या दशकात तेथे 1.676 मीटरचा ब्रॉडगेज आला आणि गाडी बदलण्याचा खोळंबा संपला, जरी त्या खोळंब्यातल्या गप्पांची हळहळ (काहीशी सोयीस्कर, हे मान्यच) आजही ऐकू येते. सर्वांत खोल बदल मात्र दुधना नदीने घडवला: सेलू तालुक्यातील निम्न दुधना धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे वरच्या अंगाला साचणारे पाणी, परतूर तालुक्यात शिरला, तेव्हा काठावरच्या काही गावांना आपली घरे, देवळे आणि काळी जमीन सोडून नव्या जागी वसावे लागले, आणि तिथल्या माणसांना परत जाऊन पाहायला जुने गाव उरलेच नाही.