घरटी एक पत्ता

हिमायतनगर नावाची दोन ठिकाणं टपाल खात्याला सांभाळावी लागतात. एक नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं. दुसरं हैदराबाद शहराच्या पोटातलं, लिबर्टीपासून नारायणगुड्याकडे पसरलेलं, जिथे मी राहते. दोन्ही जुन्या निजामी मुलखातली. नांदेडच्या हिमायतनगरचा पिनकोड ४ ने सुरू होतो, आमचा ५०००२९. पहिल्याच आकड्यावर दोघांचं टपाल वेगवेगळ्या वाटेला लागतं. ही व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतात लिहिणारे मराठी साहित्यिक. इतका मोठा देश, इतक्या लिप्या, एकाच नावाची इतकी गावं, आणि सहा आकड्यांत सगळ्यांची सोय. सरकारने नीट विचार करून पत्त्यांची पद्धत बदलली तर काय साधतं, याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत चांगलं उदाहरण आहे.

मी इथल्या एका ब्रॉडबँड कंपनीचं नेटवर्क सांभाळते. इंटरनेटचे पत्ते वाटणं, पुरवून पुरवून वापरणं आणि कुठला पत्ता कधी कोणाकडे होता याची नोंद ठेवणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग. म्हणून वेलणकरांच्या योजनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिन जुन्या पत्त्याच्या शेवटी जोडला गेला. ज्यांनी तो लिहिला नाही त्यांचीही पत्रं पोचत राहिली, फार तर दोन दिवस उशिरा. इंटरनेटच्या नव्या पत्त्याला ही सवलत नाही. फक्त जुना पत्ता समजणारं यंत्र आणि फक्त नवा पत्ता असलेलं यंत्र एकमेकांशी थेट बोलूच शकत नाहीत; मध्ये दुभाष्या लागतो. या एका तांत्रिक गोष्टीमुळे हा विषय अभियंत्यांच्या टेबलावरून मंत्रालयांच्या टेबलावर गेला, आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहिला.

जुनी पद्धत, आयपीव्ही-४, सप्टेंबर १९८१ मध्ये ठरली. तिचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हा जाळ्यावरचे संगणक मोजके होते आणि ते विद्यापीठांत, लष्करात असायचे, त्यामुळे वाटप सढळ हाताने झालं. अमेरिकेतल्या एमआयटी या एका संस्थेकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते होते. १४० कोटींच्या भारताच्या वाट्याला आले चार कोटींच्या आसपास. हा अन्याय कोणी ठरवून केला नाही. जो आधी आला त्याने घेतलं आणि आम्ही उशिरा आलो. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटले गेले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशियाच्या साठ्यातही शेवटचा गठ्ठा उरला. त्यानंतर नव्या कंपनीला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. पुढे तेही ५१२ वर आले. एवढ्या पत्त्यांवर एखाद्या वस्तीला इंटरनेट द्यायचं म्हणजे काय, हे मी रोज बघते.

नवी पद्धत, आयपीव्ही-६, १२८ बिटांची आहे. तिचं पहिलं प्रमाण डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं, सुधारित डिसेंबर १९९८ मध्ये. एका घरातल्या एका जाळ्याला जेवढे पत्ते सहज दिले जातात, तेच जुन्या इंटरनेटच्या सगळ्या पत्त्यांच्या ४२९ कोटी पट असतात. थोडक्यात, उपाय टंचाईच्या पंधरा वर्षं आधीच कागदावर तयार होता.

मग अडलं कुठे? हा प्रश्न जगाने ज्या ठिकाणी मोठ्याने विचारला, त्यांत आमचं शहरही आहे. ३ ते ६ डिसेंबर २००८ या काळात संयुक्त राष्ट्रांची इंटरनेट कारभारावरची परिषद हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय संमेलन केंद्रात भरली. मुंबईवरचा हल्ला संपून आठवडाही झाला नव्हता. तरी परिषद ठरल्या दिवशी सुरू झाली आणि जुन्या पत्त्यांकडून नव्या पत्त्यांकडे कसं जायचं यावर तिथे स्वतंत्र सत्र झालं. त्या काळातल्या सगळ्या चर्चांचा गाभा एकच होता. जो आधी बदलतो त्याला खर्च पडतो आणि फायदा मात्र बाकीचे बदलतील तेव्हाच मिळतो. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. अशा कोंडीत बाजार आपोआप हलत नाही, पण इंटरनेटला हुकूम सोडणारं एक सरकारही नाही. मग सरकारने करायचं काय? तारीख ठरवायची, स्वतः आधी बदलायचं, की बाजूला उभं राहायचं?

भारताने तारखा ठरवल्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००५ मध्ये चर्चापत्र काढलं आणि जानेवारी २००६ मध्ये शिफारशी केल्या. दूरसंचार विभागाचा पहिला राष्ट्रीय आराखडा जुलै २०१० मध्ये आला, दुसरा मार्च २०१३ मध्ये. दुसरा आराखडा मी तेव्हा ओळ न् ओळ वाचला होता आणि आजही त्याला चांगला दस्तऐवज म्हणेन. घरगुती तारेच्या नव्या जोडण्या ३० जून २०१४ पासून आयपीव्ही-६ साठी सज्ज हव्यात, कंपन्यांनी ग्राहकांच्या घरी बसवलेले आपले जुने राउटर टप्प्याटप्प्याने बदलावेत आणि सरकारी कार्यालयांनी डिसेंबर २०१७ पर्यंत संक्रमण पुरं करावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तारखा उलटल्या, कोणाला काही झालं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नवं पत्र निघालं. सरकारी कार्यालयांना ३० जून २०२२ आणि घरगुती जोडण्यांना ३१ डिसेंबर २०२२ अशा नव्या तारखा मिळाल्या. ज्या गोष्टीची मुदत २०१४ होती ती साडेआठ वर्षांनी पुढे गेली. तारखेमागे तपासणी नसेल आणि चुकवणाऱ्याला किंमत मोजावी लागत नसेल, तर त्या तारखेला धोरण म्हणता येत नाही.

तरीही आज गूगलच्या मोजणीत भारतातले दर दहांतले सातांहून अधिक वापरकर्ते आयपीव्ही-६ वरून येतात, आणि या बाबतीत आपण जगातल्या अग्रेसर देशांत आहोत. हे घडलं ५ सप्टेंबर २०१६ नंतर. त्या दिवशी रिलायन्स जिओने फक्त फोर-जी असलेलं जाळं सगळ्यांसाठी खुलं केलं. कोट्यवधी ग्राहक येणार आणि जुने पत्ते तेवढे मिळणारच नाहीत, हे त्यांना माहीत होतं. शिवाय पाटी कोरी होती, जुनी यंत्रसामग्री सांभाळायची नव्हती. त्यांनी फोनला आयपीव्ही-६ दिलं आणि जुन्या जगाशी बोलण्यापुरता दुभाष्या ठेवला. फोनही तयार होते. अँड्रॉइडमध्ये त्या दुभाष्याचा फोनमधला भाग २०१३ पासून होता. ॲपलने १ जून २०१६ पासून सांगितलं होतं, की केवळ आयपीव्ही-६ असलेल्या जाळ्यावर जे ॲप चालणार नाही ते दुकानात घेतलं जाणार नाही. दहा वर्षांच्या परिपत्रकांनी ॲप बनवणाऱ्यांना जे करायला लावलं नाही, ते त्या एका अटीने काही महिन्यांत करायला लावलं. ॲपलची अट चालली, कारण ती तपासली जात होती आणि न पाळणाऱ्याचा माल दारातच अडत होता.

   

मोबाइलचा प्रश्न बराचसा सुटला. माझी तळमळ आहे ती घराघरांत तारेने जाणाऱ्या इंटरनेटची. आमच्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत, स्ट्रीट नंबर अमुक, तमुक. खांबाखांबावरून फायबरच्या तारा लोंबतात आणि टीव्हीशेजारी एक पांढरा डबा लुकलुकत असतो. तो डबा सर्वांत स्वस्त घेतलेला असतो. त्यात आयपीव्ही-६ असलंच तर बंद ठेवलेलं, आणि चालू करायला कोणाला वेळ नसतो. मग एका जुन्या पत्त्यामागे शेकडो घरं बसवली जातात. ते असं चालतं: प्रत्येक पत्त्याला ६५,५३६ पोर्ट, म्हणजे नंबर दिलेली दारं, असतात, कंपनीचं मोठं यंत्र प्रत्येक घराची वाहतूक त्यातल्या काही पोर्टांवर टाकतं आणि बाहेर जाताना सगळ्यांवर एकच पत्ता चिकटवतं. सिनेमा दिसतो, यूपीआय चालतं, म्हणून ग्राहकाची तक्रार नसते.

पण त्याचं काय काय गेलेलं असतं ते पाहा. बाहेरून कोणी त्याच्या घरापर्यंत थेट पोचू शकत नाही. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र गावाहून बघायचं तर ते कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतं, आणि तो सर्व्हर अनेकदा परदेशात असतो. एखाद्या मुलीने शिकता शिकता घरच्या संगणकावर स्वतःची वेबसाइट उभी केली तर ती जगाला दिसत नाही. वेगळा स्थिर पत्ता हवा तर दरमहा जास्तीचे पैसे. जुने पत्ते आता विकाऊ माल झाले आहेत. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. ॲमेझॉनची क्लाउड सेवा १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक जुन्या पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारते. ज्यांना फुकट मिळाले ते विकतात आणि उशिरा आलेले विकत घेतात.

याहून गंभीर गोष्ट न्यायाची आहे. माझ्यासारख्यांकडे पोलिसांच्या नोटिसा येतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली. अमुक पत्ता, अमुक तारीख, अमुक वेळ. ग्राहक कोण ते कळवा. पत्ता शेकडो घरांत वाटलेला असेल तर एवढ्यावर उत्तर देता येत नाही. पोर्ट नंबर हवा आणि सेकंदापर्यंतची वेळ हवी. वेळ भारतीय की जागतिक हेही हवं, कारण साडेपाच तासांच्या फरकात तोच पोर्ट दुसऱ्याच घराला गेलेला असतो. वेबसाइटींनी पोर्टचीही नोंद ठेवावी अशी तांत्रिक शिफारस जून २०११ पासून आहे. पुष्कळ ठिकाणी ती पाळली जात नाही, आणि नोटिशीत पोर्टचा रकाना बहुतेक वेळा नसतोच.

चूक झाली तर काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणाऱ्या ऑर्कुट या समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी पुणे पोलिसांनी २००७ मध्ये बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्याची माहिती चुकीच्या ग्राहकाशी जोडली गेली होती. त्या तरुणाचा मजकुराशी काही संबंध नव्हता, तरी तो सुमारे पन्नास दिवस तुरुंगात राहिला. ती चूक नोंदीची होती. आज नोंद अचूक असली तरी, पोर्ट नसेल तर एका पत्त्यावर अख्खी गल्ली संशयित ठरते. बेल्जियमने हा धोका २०१२ मध्येच ओळखला. नियामक, पोलीस आणि कंपन्या एकत्र बसल्या आणि एका जुन्या पत्त्यामागे साधारण १६ पेक्षा जास्त ग्राहक नकोत असं संमतीने ठरलं. पत्ते वाटून वापरण्याची पळवाट अरुंद झाल्यावर कंपन्या नव्या पत्त्यांकडे वळल्या आणि तो देश काही वर्षं जगात आघाडीवर राहिला. युरोपोलने २०१७ मध्ये सगळ्या युरोपासाठी हाच आग्रह धरला. सक्ती न करताही धोरण कसं काम करतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

इथे कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: प्रत्येक घराला स्वतःचा पत्ता म्हणजे प्रत्येकावर पाळत सोपी नाही का? नवा पत्ता एका घराकडेच बोट दाखवतो हे खरं आहे. म्हणूनच यंत्राच्या पत्त्याचा शेवटचा भाग ठरावीक काळाने बदलत राहण्याची सोय २००१ पासून प्रमाणात आहे आणि आजचे फोन ती वापरतात. घराला मिळणारा पुढचा भागही कंपनी अधूनमधून बदलू शकते. परवान्याखाली आम्हाला दोन वर्षांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. वाटून दिलेल्या पत्त्यांच्या बाबतीत म्हणजे प्रत्येक घराच्या जवळजवळ प्रत्येक जोडणीची नोंद. कोण कुठल्या साइटवर कधी गेलं याचा भला मोठा साठा. घराला स्वतःचा पत्ता दिला तर त्या घराकडे कुठला पत्ता कधीपासून कधीपर्यंत होता, एवढी एक ओळ पुरते. खासगीपणाची काळजी असणाऱ्यांनी नव्या पत्त्यांच्या बाजूने उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, ते यासाठी.

आता नव्या तारखांचं मला आकर्षण उरलेलं नाही. अपवाद चेक प्रजासत्ताकाचा. त्यांनी सरकारी सेवांवरचं जुनं आयपीव्ही-४ ६ जून २०३२ रोजी बंद करायचं जाहीर केलं आहे. बंद करण्याची तारीख वेगळी असते, कारण ती पुढे ढकलायची तर सगळ्यांसमोर ढकलावी लागते. आपल्याकडे मला हवी आहेत ती निविदेतली दोन वाक्यं, तेलंगणाच्या, महाराष्ट्राच्या, प्रत्येक महापालिकेच्या निविदेत. नागरिकांसाठीची प्रत्येक वेबसाइट आणि ॲप केवळ आयपीव्ही-६ असलेल्या जाळ्यावरून चालवून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल मंजूर होणार नाही. आणि अनुदानावर किंवा सरकारी कंत्राटात घेतलेला एकही राउटर आयपीव्ही-६ बंद ठेवून ग्राहकाच्या घरी बसवता येणार नाही. पोलीस ठाण्यांच्या नोटिशीच्या नमुन्यात पोर्टचा रकाना घालायला तर निविदाही लागत नाही. एक परिपत्रक पुरेल.

वाचकांना एक करता येईल. फोनच्या मोबाइल डेटावर आयपीव्ही-६ तपासणारी कुठलीही साइट उघडा, मग घरच्या वाय-फायवर तीच पुन्हा उघडा. पहिल्या वेळी नवा पत्ता दिसला आणि दुसऱ्या वेळी नाही, तर आपल्या केबलवाल्याला फोन करून आयपीव्ही-६ चालू करायला सांगा. तो बहुधा म्हणेल की आजवर कोणी मागितलं नाही. तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. कंपनीत अशा तक्रारी मोजल्या जातात, आणि पुढच्या खेपेला कुठले राउटर मागवायचे हे ठरवताना तो आकडा आमच्यासमोर ठेवला जातो.