सातखणी आणि सोवळे

रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा अजून उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीजांची चौलवरची सत्ता संपली, मठ ओस पडले. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईत मात्र ख्रिस्ती वस्ती टिकली आणि पोर्तुगीज व मराठीच्या सहवासातून घडलेली तिची बोलीही. 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', हे त्या बोलीचे एक नाव. श्रद्धेला मनोऱ्याची गरज नसते, असे इथे चटकन म्हणावेसे वाटते. पण 'मला मनोरा लागत नाही' हाही एक मनोराच.

लूकच्या शुभवर्तमानातील परुशी आणि जकातदार यांचा दृष्टान्त नेमका इथे अडवतो. (चौलसारख्या जुन्या बंदराच्या परिसरात 'जकातदार' हा शब्द फारसा परका वाटू नये.) परुशी खोटे बोलत नाही. तो खरोखरच उपवास करतो, दशमांश देतो. मात्र प्रार्थनेच्या मध्येच त्याची नजर शेजाऱ्याकडे वळते. आणि 'बरे झाले, मी परुशी नाही' असे म्हणणारा वाचक त्याच क्षणी परुश्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. या कथेतून निर्दोष बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही.

बहुतेक धर्मांतरकथांना ही अडचण जाणवत नाही. आधी अंधार, मग उजेड. आणि निवेदक नम्रतेच्या वेषात स्वतःच नायक. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मला म्हणूनच फार वेगळी वाटतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आणि ते सुटले तेही बाप्तिस्म्याच्या आधी, स्वतःच्या विचाराने. हे सारे त्या स्वतःला हसत सांगतात. टिळकांनाही त्या संत करीत नाहीत. त्यांचा तापटपणा आहे तसा ठेवतात.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. समीक्षक या त्यागापाशी रेंगाळतात. तो मोठा होताच. पण त्यागाला प्रेक्षक मिळतात. लक्ष्मीबाईंचा निर्णय पाण्याच्या भांड्यापाशी, चुलीपाशी झाला. तिथे टाळ्या वाजवणारे कुणी नसते. माझा विश्वास त्या निर्णयावर अधिक बसतो.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत लग्न जुळवताना पूर्वजांची जात आजही हळू आवाजात विचारली जाते. मी ती आमच्या नात्यातल्या बैठकींत ऐकली आहे. विचारणारी माणसे उपवासकाळात मांस वर्ज्य करणारी, दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारी.