माठातलं उणे तेरा

दहावीच्या ‘उष्णता’ या धड्यातला अप्रकट उष्मा मी बरीच वर्षं बर्फ आणून शिकवला. गोळ्याच्या गाडीवरून गोणपाटात गुंडाळलेला तुकडा आणायचा, ठेचून चंचुपात्रात टाकायचा आणि तापमापी बुडवून ठेवायची. ढवळत राहिलं, तर बर्फ संपेपर्यंत पारा शून्यावरून हलत नाही. एका ग्रॅमचं पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात, पण तापमापीला त्यांचा पत्ताच नसतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने 1760च्या दशकात हे ताडलं. अर्थात, त्याला दोंडाईच्यातल्या मे महिन्यात बर्फ सांभाळायचा नव्हता! इथे शाळेत पोचेपर्यंत निम्मा गोणपाटातच जिरतो.

एका उन्हाळी वर्गाला म्हणून मी बर्फाचा नाद सोडला आणि माठ आणला. तो रात्रभर भिजवून ठेवला होता. सकाळी सातला पाच लिटर पाणी भरलं आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं. पाणी 30 अंशांवर होतं. मग माठ व्हरांड्यात, सावलीत आणि वाऱ्यात ठेवला. दुपारी दोनला बाहेर 42 अंश, माठातलं पाणी 24. आत कोणी पेलाही बुडवला नव्हता, तरी वजन 400 ग्रॅमने उतरलं होतं.

हे 400 ग्रॅम माठाच्या अंगातून झिरपून हवेत गेले होते. पुस्तकातला आकडा ग्रॅमला 540 कॅलरी. पोरांनी गुणाकार केला: 2,16,000. त्याला 5,000 ग्रॅमने भागलं, पाणी 43 अंशांनी थंड व्हायला हवं. तीसमधून 43 गेले. फळ्यावर उणे 13!

मागच्या बाकावरून आवाज आला, “मंग माठमा बरफ काब नही व्हयना, सर?”

वर्ग हसला, मीही हसलो. पण चटकन उत्तर सुचेना. शिवाय 540 हा उकळत्या पाण्याचा आकडा. साध्या तापमानाला तो 580च्या आसपास असतो, म्हणजे घोटाळा आणखी वाढतो. मी खडू घेऊन उभा होतो आणि पत्रे तडतडत होते. घाम पुसताना लक्षात आलं, की हीच गरम हवा माठालाही चारी बाजूंनी उष्णता देत होती. माठ जेवढी बाहेर टाकायचा, त्यातली बहुतेक तिचीच असायची. सहा अंश हा फक्त हाती उरलेला गल्ला, उलाढाल त्रेचाळीसची.

“मिरचीना बाजारसारखंच,” पोरगं म्हणालं. त्याचे वडील मिरचीच्या व्यापारात होते.

जूनमध्ये पाऊस पडल्यावर तोच माठ पुन्हा काट्यावर चढवला. तेवढ्याच वेळात जेमतेम 150 ग्रॅम उतरले होते. बाहेरून माठ ओलाकच्च, आणि पाणी कोमट.