एकच पुसला

आमच्या घरी एक ट्रॅक्टर व एक मळणी मशीन आहे. आमचे गाव सातारा जिल्ह्यात कऱ्हाड तालुक्यात आहे. दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे सोयाबीनची मळणी चालू होते. मग आबा मशीन घेऊन लोकांच्या रानात जातात. आबा म्हणजे माझे वडील. एका रानातून दुसऱ्या रानात जायला मध्ये डांबरी रस्ता लागतो. त्या रस्त्याने एसटी, टेम्पो व मोटारसायकली जोरात जातात.

रस्त्यावर निघायच्या आधी आबा खूप तयारी करतात. मला ती सगळी पाठ आहे. आधी मशीन फिरवणारा शाफ्ट काढायचा. मग हुकाची पिन बघायची आणि ती उडून वर येऊ नये म्हणून खालून क्लिप लावायची. शिवाय एक साखळी बांधायची. पिन निसटली तरी साखळी मशीनला धरून ठेवते. मग ब्रेक. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात. रानात वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबतात, म्हणजे ट्रॅक्टर थोड्या जागेत वळतो. पण रस्त्यावर जोरात असताना एकच दाबला तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो व उलटतोसुद्धा. म्हणून रस्त्यावर दोन्ही पेडल पट्टीने जोडायचे. ते काम आबा मला करू देत नाहीत.

माझे काम सोपे आहे. मशीनच्या मागे दोन तांबडे रिफ्लेक्टर आहेत, एक डावीकडे व एक उजवीकडे. मळणीत त्यांच्यावर भुसकट आणि धूळ बसते. ते ओल्या फडक्याने पुसायचे. आमचे मशीन एवढे मोठे आहे की ट्रॅक्टरचा मागचा दिवा त्याच्या आड जातो. मागून येणाऱ्याला हे दोन तांबडेच दिसतात.

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट आहे. शनिवार होता, शाळा सकाळची होती. दुपारी मशीन आमच्याच रानात होते. मी डावीकडचा रिफ्लेक्टर पुसला. तेवढ्यात पोरं विटीदांडू खेळायला बोलवायला आली. मी फडके बादलीत टाकले व पळालो. संध्याकाळी आबांनी विचारले, "पुसलं का रं?"

मी म्हणालो, "पुसलं की."

निघायला उशीर झाला. त्या दिवसांत सहा वाजून गेले की लगेच अंधार पडतो. आबा कुणाला मडगार्डवर बसू देत नाहीत, मलापण नाही. म्हणून मी काकांच्या मोटारसायकलवर ताडपत्री धरून बसलो. आम्ही पुढे गेलो. ओढ्याच्या पुलापाशी मागे बघितले तर ट्रॅक्टर येईना. काकांनी गाडी वळवली.

मशीनचा टायर पंक्चर झाला होता. आबांनी ट्रॅक्टर कडेला घेतला होता, पण मशीनचे अर्धे अंग डांबरावरच होते. आबा चाकाला लावायला दगड शोधत होते. एवढ्यात मागून एक मोटारसायकल आली. ती हळू होईचना. काका ओरडले. मग ब्रेकचा मोठा आवाज झाला, गाडी घसरली व मशीनच्या दोन हात अलीकडे आडवी पडली. एक दूधवाले होते. त्यांचे कोपर सोलले आणि दोन्ही किटल्या कलंडल्या. सगळे दूध रस्त्यावर गेले.

ते आबांवर फार रागावले. म्हणाले, "एकच तांबडा दिसला. मला वाटलं कडंनं सायकल चाललीया, म्हणून उजवीकडनं काढाय गेलो."

आबांनी मागे जाऊन बॅटरी मारली. डावीकडचा लखलखला. उजवीकडे नुसती धूळ होती. मी काकांच्या मागे उभा राहिलो. आबा म्हणाले, "चूक आमची हाय, पाव्हणं." त्यांनी त्यांना दुधाचे पैसे दिले. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

काकांनी बाभळीच्या फांद्या तोडून मागे लांबवर टाकल्या. मला चारीच्या पलीकडे उभे केले आणि बॅटरी हलवायला सांगितले. आबांनी जॅक लावून चाक बदलले. मग आम्ही फांद्या व दगड सगळे उचलले. पुष्कळ लोक दगड तसेच टाकून जातात, मग रात्री दुसराच कुणी त्याच्यावर पडतो.

सोमवारी गुरुजींना मी थोडेसे सांगितले. त्यांनी फळ्यावर गणित घातले. ताशी ६० किलोमीटरने मोटारसायकल गेली तर एका सेकंदात १६ मीटरच्या वर जाते. आम्ही टेपाने वर्ग मोजला, तो ६ मीटर भरला. म्हणजे एका सेकंदात आमचे दोन वर्ग संपतात आणि तिसरा निम्म्याच्या पुढे जातो. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

आता मी दोन्ही पुसतो आणि मागे जाऊन लांबून बॅटरी मारून बघतो. आबा आता विचारत नाहीत. ते स्वतः येऊन बोट फिरवून बघतात, त्याचे मला वाईट वाटते. पण विटीदांडूचे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. २६ जानेवारीला आबा झेंडावंदनाला येतात आणि भिंतीवरचे सगळे उभे राहून वाचतात. गुरुजींनी विचारले, "हे लावू का मग?" मी म्हणालो, लावा.